दोघांसाठी हलका तंबू: कातळावरही उभा राहील आणि हामटा पासलाही चालेल असा कोणता घ्यावा?

पायवाटकरी, पुणे

नमस्कार मंडळी.

मी आणि माझी पत्नी गेली सहा-सात वर्षे सह्याद्रीत भटकत आहोत. आतापर्यंतचे बहुतेक मुक्काम गुहेत, देवळात किंवा पायथ्याच्या गावातल्या एखाद्या ओसरीवर झाले, त्यामुळे तंबूची गरज क्वचितच पडली, आणि पडली तेव्हा मित्राचा जुना घुमटाकार तंबू नेला. तो परवा वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिला, तर मेखा आणि पिशवीसह ३ किलो ४०० ग्रॅम भरला. गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ रात्री वारा सुटला आणि त्याच्या फायबरग्लासच्या पोलांपैकी एक उभा चिरला. चिरलेल्या टोकाने बाहेरचे कापडही फाडले. उरलेली रात्र आम्ही तो तंबू अंगावर पांघरूनच काढली, असे म्हटले तरी चालेल.

येत्या सप्टेंबरात हिमाचलमधली हामटा पास ही खिंड करण्याचा विचार आहे. स्थानिक वाटाड्या सोबत असेल, पण खेचर न घेता सगळे सामान स्वतःच्या पाठीवर वाहायचे असे दोघांनी ठरवले आहे. त्यामुळे नवा तंबू घ्यायचाच आहे आणि तो पुढची आठ-दहा वर्षे सह्याद्रीतही वापरायचा आहे. खर्चाची मर्यादा २०,००० ते २२,००० रुपये.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे चालताना वापरायच्या दोन काठ्यांवर उभा राहणारा एकपदरी तंबू, वजन सुमारे ९०० ग्रॅम. दुसरा दुपदरी, स्वतःच्या ॲल्युमिनियमच्या पोलांचा, वजन सुमारे १ किलो ६५० ग्रॅम. इंटरनेटवर जे वाचले त्यात पहिल्या प्रकाराचे कौतुक अधिक दिसते, पण ते लिहिणारे बहुतेक जण अमेरिकेतले आहेत. काठ्यांचा तंबू आपल्या कातळावर उभा राहतो का, एकपदरी तंबूत सकाळी सगळे ओलेचिंब होते हे खरे का, आणि १० डेनियर, २० डेनियर, १५०० मिलिमीटर या आकड्यांना किती महत्त्व द्यावे, एवढे कोणी अनुभवावरून सांगितले तर निर्णय सोपा होईल.

घाटमाथा, नाशिक

नमस्कार. वजनाकडे वळण्यापूर्वी तुमचा तंबू ज्या जमिनीवर उभा राहणार आहे तिचा विचार करा, कारण तुमच्या दोन पर्यायांमधला खरा फरक तिथे आहे.

काठ्यांवरचा तंबू हा ताणावर उभा असतो. त्याला स्वतःचा सांगाडा नसतो. चार कोपऱ्यांच्या मेखा जमिनीत घट्ट बसल्या आणि तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, नीट ओढले गेले, तरच काठ्या उभ्या राहतात. एक मेख उपटली की तंबूची ती बाजू तुमच्या तोंडावर येते. आता आपल्या गडमाथ्यांची आठवण करा. पावसाळ्यानंतर वरवर गवत हिरवे दिसते, पण मेख ठोकायला गेले की चार बोटांवर काळा कातळ लागतो आणि ॲल्युमिनियमची मेख वाकते. कोकणकड्याच्या काठालगत तर सरळ उघडा खडकच आहे. रतनगड, कुलंग, साल्हेर, कुठेही जा, सपाट जागा मिळते ती एकतर खडकाची किंवा जुन्या चौथऱ्यांची. अशा ठिकाणी स्वतःच्या पोलांवर उभा राहणारा तंबू आधी उभा करता येतो, उचलून दोन फूट सरकवता येतो, आत सॅक टाकली की तो जागच्या जागी राहतो, आणि मग सावकाश दगड शोधून तणावे बांधता येतात.

दगडांना तणावे बांधण्याचीही रीत आहे. नुसती दोरी दगडाभोवती गुंडाळली तर रात्रभर वाऱ्याने हलून ती खडबडीत कातळावर घासते आणि पहाटेच्या सुमारास तुटते. त्यापेक्षा दोरीचे टोक नारळाएवढ्या छोट्या दगडाला बांधावे, तो जमिनीवर ठेवून त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवरच दोन हातांनी उचलावा लागेल असा मोठा दगड ठेवावा. ताण आला की छोटा दगड मोठ्याला जाऊन टेकतो आणि मोठा जागचा हलत नाही. यासाठी तंबूबरोबर येणारी दोरी पुरत नाही. दोन-अडीच मिलिमीटर जाडीची आठ-दहा मीटर दोरी वेगळी न्या. तिचे वजन मूठभर चण्यांएवढे असते.

दगड उचलण्याआधी काठीने उलटवून पाहा. त्याखाली विंचू असतो, आणि कोकणाच्या बाजूला फुरसेही असू शकते. शिवाय तटबंदीचे, समाधीचे किंवा पडक्या वाड्याच्या जोत्याचे दगड या कामासाठी काढू नयेत. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण मी स्वतः असे तंबू पाहिले आहेत ज्यांचे सगळे तणावे तटाच्या ढासळत्या दगडांना बांधलेले होते. सकाळी आणलेले दगड पुन्हा जागेवर ठेवावेत.

हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा तिथे मुक्काम कुठे करता येतो हे पाचनईत वनखात्याच्या माणसांना विचारूनच वर जा. कड्याच्या अगदी काठावर तंबू लावण्याचा मोह टाळा. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की तंबूवरचा दाब चौपट होतो. काठापासून शंभर-दीडशे पावले मागे, एखाद्या उंचवट्याच्या आडोशाला गेलात तर तोच तंबू तीच रात्र शांतपणे काढतो. तंबूची अरुंद आणि बुटकी बाजू वाऱ्याकडे करावी आणि त्या बाजूचे तणावे सर्वांत आधी बांधावेत.

वजनाचे म्हणाल, तर तुम्ही दोघे आहात. एकाने आतला आणि बाहेरचा पदर घ्यावा, दुसऱ्याने पोल आणि मेखा घ्याव्यात. माणशी ८२५ ग्रॅम पडतात. मी दुसरा पर्याय घेईन.

केवडा, सिएटल

गेली अकरा वर्षे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात राहतो, मूळचा सातारचा. घाटमाथा यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण काठ्यांच्या तंबूची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो.

हे तंबू जिथे वाढले तिथला हिशेब समजून घेतला पाहिजे. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सुमारे ४,२६५ किलोमीटर लांब आहे आणि ती एका दमात चालणारे लोक चार-पाच महिने रोज तंबू लावतात आणि मोडतात. त्यांच्यासाठी प्रत्येक शंभर ग्रॅम लाखो पावलांनी गुणला जातो. त्या वाटेवरचा बराच भाग उन्हाळ्यात कोरडा असतो आणि मुक्कामाच्या जागा पुष्कळदा मातीच्या किंवा सूचिपर्णी पाल्याच्या असतात, त्यामुळे मेख हाताने दाबली तरी आत जाते. अर्थात हलकेपणाचा सोस त्याहून जुना आहे. एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजी १९५५ साली एकट्या अमेरिकेच्या पूर्वेकडची ॲपलाचियन ट्रेल ही लांब वाट चालल्या तेव्हा त्यांच्याकडे तंबू नव्हताच. न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा पावसात डोक्यावर घ्यायचा, एवढीच सोय होती.

माझ्याकडे झेडपॅक्स कंपनीचा ड्युप्लेक्स हा काठ्यांचा तंबू आहे. दोन माणसे, दोन दारे, दोन काठ्या, वजन साधारण साडेपाचशे ग्रॅम. त्याचे कापड विणलेले नसते. अत्यंत बळकट पॉलिएथिलीनचे धागे दोन पातळ पापुद्र्यांमध्ये चिकटवून ते तयार होते. हे तंत्र आधी शर्यतीच्या जहाजांच्या शिडांसाठी आले आणि नंतर डोंगरात पोहोचले. ते पाणी पीत नाही, भिजून सैल पडत नाही, पावसात रात्री उठून तणावे ओढावे लागत नाहीत. पण किंमत सहाशे डॉलरच्या वर आहे, टोकदार काटा सहज आरपार जातो, शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून भोक पडते, आणि तो सॅकमध्ये कापडासारखा दाबून बसत नाही, घडी घालावी लागते. तुमच्या मर्यादेत तो बसत नाही म्हणून हा विषय इथेच सोडतो.

तुमच्या मर्यादेजवळ येणारी गोष्ट वेगळी आहे. काठ्यांवरचे सगळे तंबू एकपदरी नसतात. कॅनडातल्या डॅन डर्स्टन यांनी आखलेला एक्स-मिड काठ्यांवर उभा राहतो, पण दुपदरी आहे. दोघांचा एक्स-मिड किलो ते सव्वा किलोच्या दरम्यान भरतो. त्याला कमीत कमी चारच मेखा लागतात आणि त्या मेखांच्या जागी चार मोठे दगडही चालतात. मी तो ग्रॅनाइटच्या उघड्या खडकावर दगड बांधून लावला आहे. पहिल्यांदा अर्धा तास गेला, तिसऱ्यांदा दहा मिनिटे. म्हणजे अशक्य काही नाही, सराव हवा. तुम्ही दोघेही काठ्या घेऊन चालत असाल तर सांगाड्याचे वजन वाचते, हा युक्तिवाद मला अजूनही पटतो.

एक खबरदारी. जाहिरातीतले वजन तपासून घ्या. पुष्कळ कंपन्या दोन आकडे देतात, आणि मोठ्या अक्षरातल्या आकड्यात मेखा, दोऱ्या आणि पिशव्या धरलेल्या नसतात. दोन आकड्यांत दोनशे-तीनशे ग्रॅमचा फरक सहज निघतो. एका तंबूचा लहान आकडा दुसऱ्याच्या मोठ्या आकड्याशी ताडून लोक निर्णय घेतात आणि मग वाण्याच्या काट्यावर फसवणूक उघड होते.

घाटमाथा, नाशिक

केवडा, दगड बांधून तंबू लागतो हे मान्य. माझा आक्षेप संध्याकाळी सातला नसून रात्री दोनला आहे. काठ्यांच्या तंबूचा एक दगड सरकला की बाहेर पडून अंधारात तो पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नसते. पोलांचा तंबू तेवढ्यावर फडफडत राहतो, पण उभा असतो. आणि आपल्याकडे कातळटप्प्याच्या चढाईला जाणारे लोक काठ्या नेतच नाहीत, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. अलंग-मदनला जाताना फक्त तंबूसाठी काठ्या सॅकला बांधून वर चढवायच्या असतील तर वाचवलेले वजन परत आलेच.

शिवणयंत्र, ठाणे

मी सॅक, तंबू आणि रेनकोट दुरुस्त करते. छंद म्हणून सुरू केले, आता पावसाळा संपला की घरात तंबूंचा ढीग असतो. त्यामुळे कापडाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देते. जमिनीविषयी वर जे लिहिले आहे त्यात मला भर घालायची नाही.

डेनियर म्हणजे ९,००० मीटर लांब धाग्याचे ग्रॅममधले वजन. १० डेनियरचा धागा २० डेनियरच्या निम्म्या वजनाचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. कापड किती टिकेल हे त्यावरून पूर्ण कळत नाही, कारण वीण आणि लेप यांवर पुष्कळ अवलंबून असते. तरीही माझ्या टेबलावर जे येते त्यावरून सांगते की बाहेरचा पदर १५ किंवा २० डेनियर आणि तंबूची जमीन, म्हणजे तळाचे कापड, किमान २० डेनियर असावी. ७ किंवा १० डेनियरची जमीन आपल्या डोंगरात फार हळवी ठरते. ऑक्टोबर संपला की गवत वाळते आणि कुसळे तयार होतात. ती जाळीत अडकतात, जमिनीच्या कापडातून सुईसारखी वर येतात. तोडलेल्या कारवीचे खुंट तर तिरके छाटलेले भालेच असतात. तंबू लावण्यापूर्वी जागेवरून अनवाणी नव्हे, पण तळहात फिरवून तरी पाहावे.

खाली अंथरायला महागडे खास कापड घेण्याची गरज नाही. जुन्या फ्लेक्सच्या बॅनरचा तुकडा अनेक जण वापरतात, पण तो जड असतो. रंगाच्या दुकानातला जाडसर पारदर्शक प्लास्टिकचा कागद त्याहून हलका पडतो. तो कापताना तंबूच्या जमिनीपेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटे लहान कापावा. मोठा राहिला तर बाहेरच्या पदरावरून ओघळणारे पाणी त्यावर पडते आणि नेमके तुमच्या पाठीखाली जमा होते. दर वर्षी कोणीतरी "तंबू खालून गळतो" म्हणून आणून देते आणि तंबूत दोष काहीच नसतो.

१५०० मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ त्या कापडावर उभा केला तरी पाणी झिरपणार नाही. छपरासाठी एवढे पुरे आहे. जमिनीला अधिक हवे, कारण ओल्या जागेवर गुडघा टेकला की त्या टिचभर जागेवर मोठा दाब येतो. परंतु हा आकडा नव्या कापडाचा असतो आणि इथेच माझी मुख्य गोष्ट येते.

नायलॉनवर किंवा पॉलिएस्टरवर पाणी अडवण्यासाठी दोन प्रकारचे लेप असतात, पॉलियुरेथेनचे आणि सिलिकॉनचे. स्वस्त तंबूंना आतून पॉलियुरेथेन असते, त्यामुळे शिवणीवर कारखान्यातच पट्टी चिकटवता येते आणि विकत घेणाऱ्याला काही करावे लागत नाही. पण उष्ण आणि दमट हवेत हा लेप हळूहळू विघटित होतो. कोकणात, मुंबईत, ठाण्यात ज्या तंबूंचे चार पावसाळे पिशवीत घट्ट दाबून माळ्यावर गेले आहेत, ते उघडले की चिकट लागतात, आंबूस वास येतो आणि लेपाचे पापुद्रे गळतात. असा तंबू माझ्याकडे आला की मी तो परत देते, कारण त्यावर उपाय करण्याचा खर्च आणि कष्ट परवडत नाहीत. वापरून खराब झालेल्या तंबूंपेक्षा माळ्यावर ठेवून खराब झालेले मी अधिक पाहिले आहेत.

म्हणून दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेले कापड मिळाले तर तेच घ्या. त्याची अडचण अशी की सिलिकॉनवर पट्टी चिकटत नाही, तेव्हा शिवणी स्वतः बंद कराव्या लागतात. पारदर्शक सिलिकॉन सीलंट थोड्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून जुन्या ब्रशने शिवणीवर बाहेरून लावायचे आणि दिवसभर वाळू द्यायचे. हे काम गच्चीत, उघड्या हवेत करावे. दुसरी अडचण म्हणजे नायलॉन स्वतः पाणी पिते आणि भिजल्यावर सैल पडते. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू पहाटे लोंबतो, आतल्या पदराला टेकतो आणि मग तिथून ओल येते. झोपण्यापूर्वी एकदा तणावे पुन्हा ओढून घ्यावेत. पॉलिएस्टरमध्ये हा दोष फार कमी आहे, म्हणून अलीकडे सिलिकॉन लावलेले पॉलिएस्टर लोकप्रिय होत आहे आणि आपल्या दमट हवेला ते मला अधिक योग्य वाटते.

परतल्यावर तंबू दोरीवर टाकून शिवणीपर्यंत वाळवा, पण कडक उन्हात दिवसभर नको, कारण उन्हाने नायलॉन कुजते. नंतर मूळ पिशवीत न कोंबता जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा, कपड्यांच्या कपाटात. माळा नको.

पायवाटकरी, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मित्राचा तंबूही चिकट झाला होता आणि आम्ही तो धूळ बसल्यामुळे झाला असे समजून साबणाने धूत होतो.

काठ्यांचा पर्याय मी आता बाजूला ठेवतो. पत्नी चालताना काठ्या वापरत नाही, आणि गुडघे ठीक आहेत तोवर वापरणार नाही असे तिचे म्हणणे आहे. त्यामुळे केवडा यांचे गणित आमच्यापुरते जुळत नाही. पोलांच्या दुपदरी तंबूंत दोन नमुने पसंत पडले आहेत. पहिल्याला डोक्याकडे एकच दार आहे, आतला पदर पूर्ण जाळीचा आहे, वजन १ किलो ४५० ग्रॅम. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना दारे आणि पडव्या आहेत, आतल्या पदराचा खालचा अर्धा भाग कापडाचा आहे, वजन १ किलो ७०० ग्रॅम. दोन्हींचे कापड २० डेनियर, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन. या अडीचशे ग्रॅमचा उपयोग आहे का? आणि आतल्या ओलाव्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.

हिवाळी, डोंबिवली

मी तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या मध्यावर हामटा केला होता, तेव्हा लिहितो. माझा तंबू तुमच्या पहिल्या नमुन्यासारखाच होता.

ओलावा टळत नाही, हे आधी मनाशी ठरवा. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. दोघांचे दोन पेले. आकाश निरभ्र असेल तर तंबूचा बाहेरचा पदर उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आतली वाफ त्यावर दवासारखी साचते. एकपदरी तंबूत तुमची झोपेची पिशवी थेट त्या ओल्या कापडाला लागते. दुपदरीत मध्ये जाळी असते, थेंब तिच्या बाहेरून ओघळतात. पदर दोन असले तरी दव पडायचे ते पडतेच. एवढेच की ते तुमच्या अंगाला लागत नाही. पिसांची झोपेची पिशवी असेल तर हा फरक मोठा आहे, कारण पिसे ओली झाली की ऊब धरत नाहीत. ओढ्याच्या काठापासून दूर, दरीच्या तळापेक्षा थोडे वर, आणि शक्य असेल तिथे झाडाखाली तंबू लावला तर दव बरेच कमी पडते. पडवीचे दार वरून दोन वीत उघडे ठेवावे. थंडीच्या भीतीने लोक सगळे बंद करतात आणि सकाळी आत पाऊस पडतो.

आता जागा. जोब्रापासून चालायला लागलात की पहिल्या मुक्कामाला गवत आहे, काही अडचण नाही. दुसरा मुक्काम बालू का घेरा. नावातच वाळू आहे. नदीपात्रालगतच्या वाळूत आणि बारीक गोट्यांत मेख आत जाते आणि तशीच बाहेर येते. आम्ही सामानाच्या रिकाम्या पिशव्यांत गोटे भरले, त्यांना तणावे बांधले आणि पिशव्या वाळूत पुरल्या. रात्रभर काही हलले नाही. तिथून ४,२७० मीटरच्या खिंडीवरून उतरले की शिया गोरू लागते. झाड एकही नाही, वारा दरीतून थेट येतो, आणि माझ्या जाळीच्या आतल्या पदरातून तो बिनधास्त आरपार गेला. थंडीपेक्षा त्या झुळुकीने झोप लागू दिली नाही. लाहौल-स्पितीच्या बाजूला दुपारनंतर धूळही उडते आणि जाळीतून ती आत येऊन उशीवर बसते.

म्हणून खालचा अर्धा भाग कापडाचा असलेला तुमचा दुसरा नमुना घ्या. सह्याद्रीत फेब्रुवारीनंतर तो थोडा उकडेल, पण तेव्हा बाहेरचा पदर न लावता नुसता आतला पदर उभा करता येतो आणि विंचू-किड्यांची काळजी राहत नाही. दोन दारांचा फायदा रात्री तीन वाजता कळतो, जेव्हा एकाला बाहेर जायचे असते आणि दुसरा दाराच्या बाजूला झोपलेला असतो. शिवाय दोन पडव्या म्हणजे दोन ओल्या सॅका आणि दोन जोड्या बुटांची सोय झाली. पडवीत चूल पेटवू नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि कापड तर क्षणात पेटते.

घेण्यापूर्वी मापे पाहा. साधी चटई ५१ सेंटिमीटर रुंद असते, दोन मिळून १०२ झाल्या. काही तंबू डोक्याकडे १३० सेंटिमीटर असतात आणि पायाकडे १०५ वर येतात, ते चालते. तुमच्यापैकी कोणी पावणेसहा फुटांहून उंच असेल तर आतली लांबी २२० सेंटिमीटर असावी, नाहीतर पायाकडे पिशवी कापडाला लागून ओली होते. एकच दार असलेल्या पुष्कळ हलक्या तंबूंत आणखी एक अडचण आहे. ते स्वतःच्या पोलांवर उभे राहतात असे लिहिलेले असते, पण पोल पायाकडे एकाच ठिकाणी टेकतो आणि त्या बाजूचे दोन कोपरे मेखांशिवाय ताणले जात नाहीत. दुकानात तो गालिच्यावर लावून दाखवायला सांगा आणि पायाकडचे कोपरे पाहा.

शिवणयंत्र, ठाणे

पोलांविषयी एक राहिले. ॲल्युमिनियमचा पोल फायबरग्लाससारखा चिरत नाही, तो वाकतो किंवा सांध्यावर तुटतो. तंबूबरोबर बोटभर लांबीची एक नळी येते. ती तुटलेल्या जागेवर सरकवून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निघते. लोक ती नळी सुटा भाग समजून घरी ठेवून जातात. पोल उघडताना झटका देऊन आपोआप जुळू देण्याची सवय असते, ती सोडा. सांधे त्यानेच फुटतात. एकेक जोड हाताने बसवा आणि मोडताना मधल्या जोडापासून सुरुवात करा, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण राहतो.

पायवाटकरी, पुणे

दुसरा नमुना काल पाहून आलो. गालिच्यावर लावला, चारही कोपरे मेखांशिवाय ताणले गेले. आत दोघे आडवे होऊन पाहिले, दुकानदार थोडा अवघडला. पिशवी, मेखा, दोऱ्या धरून वजन १ किलो ७६० ग्रॅम निघाले, म्हणजे जाहिरातीपेक्षा ६० ग्रॅम जास्त. घेतला.

एकच शंका. यात आतला पदर आधी उभा करावा लागतो आणि बाहेरचा नंतर वर टाकायचा. सप्टेंबरात मुक्कामावर पोहोचतानाच पाऊस असेल तर आतली जाळी भिजणार. त्यावर काय करता?

हिवाळी, डोंबिवली

बाहेरचा पदर सॅकमध्ये सर्वांत वर ठेवा. पाऊस असेल तर तो दोघांनी डोक्यावर छतासारखा धरायचा आणि त्याखाली एकाने पोल जोडायचे. आम्हाला तिसरा माणूस होता म्हणून सोपे गेले. तुमचा वाटाड्या असेलच. त्याला आधीच सांगून ठेवा, आणि शक्य असेल तर दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठा. त्या भागात पाऊस बहुधा त्यानंतरच येतो.

घाटमाथा, नाशिक

निघण्याआधी घराच्या गच्चीवर दोनदा लावून पाहा, एकदा दिवे बंद करून. गच्चीवर मेखा लागत नाहीत, त्यामुळे कातळाचा सरावही आपोआप होईल. दगडांऐवजी पाण्याने भरलेल्या बादल्या चालतात.